फोटो नेमका कुठे ‘फुटतो’? पिक्सेल आणि इंचांचा हिशोब

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारी गर्दी नसताना एक गृहस्थ आमच्या फोटो लॅबच्या काउंटरवर आले. ‘परवा वडिलांचं उत्तरकार्य हाय. फोटो मोठा करून पाहिजे, १२ बाय १८.’ मोबाईलमध्ये पुतणीच्या लग्नातला ग्रुप फोटो होता. एका रांगेत बरीच माणसं, वडील डावीकडून तिसरे, डोक्याला फेटा. मी चेहरा मोठा करून बघितला आणि मान हलवली. तर म्हणाले, ‘का हो? ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा हाय की माझ्या मोबाईलला!’

कॅमेरा होता, खोटं नाही. पण हा फोटो त्या कॅमेऱ्यानं काढलेलाच नव्हता. लग्नाच्या फोटोग्राफरनं काढलेला, कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला, तिथून यांच्याकडे आलेला. फाईल उघडली तर १६०० बाय १०६७ पिक्सेल (पिक्सेल म्हणजे फोटो ज्यांचा बनतो ते बारीक ठिपके). त्यात वडिलांचा चेहरा मोजला, रुंदी जेमतेम ६४ पिक्सेल. १२ बाय १८ च्या फ्रेममध्ये चेहरा साधारण ४ इंच रुंद येतो. म्हणजे इंचाला १६ पिक्सेल. एवढ्यावर डोळे, मिशी काही उमटत नाही, नुसते चौकोन दिसतात. फोटो फुटला म्हणतात तो हा.

काउंटरच्या या बाजूला इतकी वर्षं बसून माझं मत असं झालंय की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे विचारून हाती काही लागत नाही. दोन गोष्टी विचाराव्यात: लॅबपर्यंत आलेल्या फाईलमध्ये पिक्सेल किती उरलेत, आणि प्रिंट किती लांबून बघणार आहात. पुढचा सगळा लेख या दोन प्रश्नांचाच आहे.

आधी फाईलचं माप घ्या

मोबाईलच्या गॅलरीत फोटो उघडा आणि ‘डिटेल्स’ बघा (काही फोनमध्ये फोटो वर सरकवला की दिसतात). कॉम्प्युटरवर फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात डिटेल्स. तिथे ४००० × ३००० असे दोन आकडे असतात. ते लिहून घ्या. फाईल किती एमबीची आहे याकडे बघू नका. पांढऱ्या भिंतीचा फोटो कमी एमबीत बसतो, झाडाझुडपांचा जास्त घेतो, पिक्सेल दोन्हीत सारखेच असू शकतात.

आता भागाकार. लांब बाजूचे पिक्सेल भागिले प्रिंटची लांब बाजू इंचांत. ४००० पिक्सेलच्या फोटोची ४ बाय ६ काढली तर ४००० भागिले ६, म्हणजे इंचाला ६६६ पिक्सेल, गरजेच्या दुपटीहून जास्त. तोच फोटो १२ बाय १८ काढला तर २२२. २० बाय ३० काढला तर १३३.

यातला चांगला कुठला? हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० हा आकडा सगळीकडे सांगतात आणि तो हवेतून आलेला नाही. फूटभर अंतरावर निरोगी डोळ्याला इंचात साधारण २८६ ठिपकेच वेगळे ओळखता येतात. त्यापुढे ठिपके एकमेकांत मिसळतात. म्हणून ३००. त्याहून जास्त पिक्सेल दिले तर प्रिंट बिघडत नाही, पण सुधारतही नाही.

या हिशोबानं ४ बाय ६ ला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे फक्त २.१६ मेगापिक्सेल (१ मेगापिक्सेल म्हणजे १० लाख पिक्सेल). ८ बाय १२ ला ८.६४ मेगापिक्सेल. १२ बाय १८ ला १९.४४. आणि २० बाय ३० ला तब्बल ५४.

मेगापिक्सेल म्हणजे गुंठे

५४ चा आकडा ऐकून लोक दचकतात. इथे एक घोळ समजून घ्यावा लागतो. मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ आहे आणि प्रिंट आपण लांबीत मागतो. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १ गुंठा. बाजू दुप्पट केली, ६६ बाय ६६, तर २ गुंठे होत नाहीत, ४ होतात. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही, मोबाईलच्या दुकानात मात्र तोही विसरतो. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा सोडून २४ चा घेतला की प्रिंट दुप्पट मोठी निघेल असं वाटतं. प्रत्यक्षात बाजू फक्त १.४ पट वाढते. बाजू दुप्पट हवी असेल तर ४८ लागतील.

रोजच्या कामाला ही तीन मापं लक्षात ठेवली तरी निभावतं. १२ मेगापिक्सेलचा फोन (४००० × ३०००): इंचाला ३०० नं साधारण १३ बाय १० इंच, २०० नं २० बाय १५. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा (६००० × ४०००): ३०० नं २० बाय १३, २०० नं ३० बाय २०. व्हॉट्सॲपवरून आलेला १६०० × १२०० चा फोटो: ३०० नं सव्वापाच बाय ४, २०० नं ८ बाय ६, आणि तिथेच थांबायचं.

किती लांबून बघणार?

आमच्या कोल्हापुरात ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच कळलेली होती. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चित्रकार सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवायचे. असा रंगवलेला पडदा नाकाजवळून बघितला तर रंगाचे फराटे दिसतात. प्रेक्षागृहात बसून बघितलं की त्याचंच जंगल होतं, राजवाडा होतो. अंतर वाढलं की डोळा बारकावे मागत नाही.

गणित सोपं आहे. ३४४० ला बघण्याच्या अंतरानं (इंचांत) भागा; फूटभर अंतराचा वरचा २८६ यातूनच येतो. येईल तेवढे पिक्सेल इंचाला पुरे. दोन फुटांवरून, म्हणजे २४ इंचांवरून: १४३. सोफ्यामागच्या भिंतीवरची फ्रेम आपण तीन फुटांवरून बघतो, तिला ९५ पुरतात. २० फुटांवरून बघायच्या फ्लेक्सला १४.

म्हणून मिरजकर तिकटीला किंवा पेठेतल्या कुठल्याही चौकात वाढदिवसाचा १२ फुटी फ्लेक्स मोबाईलच्या फोटोवर झकास दिसतो. १२ फूट म्हणजे १४४ इंच, ४००० पिक्सेलला भागलं तर इंचाला २७. रस्त्यावरून जाणाऱ्याला भरपूर झालं. खाली ओळीनं लावलेले शुभेच्छुक तर बहुतेक डीपीवरून उचललेले असतात, तेही खपून जातात. पण तोच डीपी घेऊन कुणी ८ बाय १० ची फ्रेम मागितली की पंचाईत होते. ‘एवढा मोठा फ्लेक्स झाला, मग एवढीशी फ्रेम का हुईना?’ हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो.

तरीही भिंतीवरच्या फ्रेमला मी नुसत्या ९५ वर जात नाही. घरी आलेला पाहुणा फ्रेमला नाक लावून ‘ह्यो कोण?’ विचारतोच. लांबून बघायचं असलं तरी १५० धरा, २०० असले तर उत्तम. लग्नाचा अल्बम मांडीवर घेऊन बघतात, त्यामुळे तिथे २०० च्या खाली उतरू नये. आणि इथेच व्यावसायिक फोटोग्राफरही फसतात. १२ बाय ३६ च्या जोडपानावर एकच फोटो पसरला तर २४ मेगापिक्सेलचे ६००० पिक्सेल ३६ इंचांत वाटले जातात. इंचाला १६७. शिवाय माप तीनास एक असल्यानं वरखालचा अर्धा फोटो कापला जातो. डिझायनरला सांगून असा फोटो एका पानावर घ्या, तो ३३३ वर छापला जाईल.

पिक्सेल गळतात कुठे?

कॅमेऱ्यातून कागदापर्यंत येताना वाटेत बरेच पिक्सेल सांडतात. सगळ्यात मोठी गळती व्हॉट्सॲप. नेहमीसारखा फोटो पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. एचडी पर्याय निवडला तर बरी राहते, पण मूळ फाईल तशीच हवी असेल तर क्लिपचं चिन्ह दाबून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाहीतर पेन ड्राईव्ह, केबल, किंवा ड्राईव्हची लिंक. इन्स्टाग्रामवरून उतरवलेला फोटो बहुतेक १०८० पिक्सेल रुंद असतो, म्हणजे ३०० नं साडेतीन इंच. स्क्रीनशॉटमध्ये तर स्क्रीनपेक्षा जास्त पिक्सेल असूच शकत नाहीत. गूगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ चालू असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो १६ वर आणून ठेवले जातात. त्याचा घरगुती प्रिंटला त्रास नाही, पण मूळ फाईल फोनमधून पुसण्याआधी माहीत असावं.

दुसरी गळती झूमची. रंकाळ्यावर चौपाटीच्या बाजूला उभं राहून पलीकडचा शालिनी पॅलेस बोटांनी जवळ ओढला, की मुख्य लेन्सवर फोन नुसतं काप काढतो. २ पट झूम केला तर १२ मेगापिक्सेलचे ३ उरतात. ४ पट केला तर पाऊण, म्हणजे १००० बाय ७५० पिक्सेल, त्याची ४ बाय ६ सुद्धा धड निघत नाही. यातली लबाडी अशी की बरेच फोन हे कातरलेलं चित्र फुगवून पुन्हा ४००० × ३००० करून साठवतात. डिटेल्समध्ये आकडा चोख दिसतो, आत माल नसतो. फोनला झूमची वेगळी लेन्स असेल तर ती जेवढ्या पटीची आहे तेवढ्यावर बिनधास्त वापरा, मधल्या पटींवर नको. त्यापेक्षा चार पावलं पुढे जाऊन काढलेला फोटो केव्हाही चांगला.

तिसरी, ५० मेगापिक्सेलची जाहिरात. असा फोन एरवी शेजारचे चार पिक्सेल मिळून एक करतो आणि साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. १०८ वाला नऊ मिळून एक करतो, त्याचेही १२ च होतात. यात फसवणूक काही नाही, कमी उजेडात त्यामुळे फोटो स्वच्छ येतो. पण मोठी प्रिंट काढायचीच असं आधी ठरलं असेल, पन्हाळ्यावरून दिसणारी दरी वगैरे, आणि लख्ख उजेड असेल, तर सेटिंगमधून पूर्ण ५० मेगापिक्सेलवर टाकून काढा. रात्री मात्र हा पर्याय वापरून काही साधत नाही.

फेटा का कापला गेला?

पिक्सेल पुरेसे असूनही जी तक्रार येते ती ही. फोनचा फोटो ४:३ मापाचा, कॅमेऱ्याचा ३:२ चा. ४ बाय ६, ८ बाय १२, १२ बाय १८, २० बाय ३० हे सगळे कागद ३:२ चे आहेत, म्हणजे कॅमेऱ्याशी जुळतात, फोनशी नाही. फोनचा आडवा ४००० × ३००० फोटो ४ बाय ६ वर पूर्ण भरायचा तर उंचीतले ३३३ पिक्सेल जातात, नववा हिस्सा. ग्रुप फोटोत हा हिस्सा नेमका मागच्या रांगेच्या फेट्यांचा आणि पुढच्या रांगेच्या पायांचा असतो. तुरा गेला की नवरदेवाचा मामा भांडायला हजर.

उलट ८ बाय १० हा कागद ५:४ चा. त्यावर कॅमेऱ्याचा फोटो बसवताना लांबीतला सहावा हिस्सा जातो, कडेला उभी असलेली दोन माणसं त्यात सहज गायब होतात.

तेव्हा फोटो काढतानाच चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा सोडा. ऑर्डर देताना सांगा: कागद पूर्ण भरायचा आहे की फोटो पूर्ण बसवून कडेला पांढरी पट्टी चालेल. आणि फ्रेम करणार असाल तर फ्रेमच्या लाकडाखाली चारी बाजूंनी पाव इंचापर्यंत फोटो झाकला जातो, तेही धरून चला. फोनमध्ये १६:९ वर काढलेला फोटो म्हणजे ४:३ चाच वरखाली कापलेला. प्रिंटसाठी काढताना ४:३ ठेवा, कापायचं काम नंतर सावकाश करता येतं.

आकडे बरोबर, तरी फोटो मऊ

त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगा घाटावरचे दिवे काढायला पहाटेच्या अंधारात अर्धं गाव मोबाईल घेऊन उतरतं. दुसऱ्या दिवशी यातले फोटो मोठे करायला येतात. स्क्रीनवर झगमगाट, डिटेल्समध्ये ४००० × ३०००, आणि पूर्ण मोठं करून बघावं तर पणतीच्या ज्योतीला तीन शेपट्या आणि घाटाच्या पायऱ्यांवर रंगीत दाणे. हात हलला की एका ज्योतीचा उजेड पाच-सात पिक्सेलवर सांडतो. मग फाईलमध्ये १२ मेगापिक्सेल असले तरी त्यांचं काम २-३ मेगापिक्सेलइतकंच. फोन पायरीवर टेकवा, २ सेकंदांचा टायमर लावा, लेन्स आधी रुमालानं पुसा (तेलकट बोटांचा डाग हे घाटावरच्या निम्म्या फोटोंचं दुखणं आहे).

मोठी प्रिंट द्यायच्या आधी फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्क्यांवर बघा. पापणीचे केस, दगडाची कड, अक्षरं स्वच्छ दिसली तर वरचं सगळं गणित लागू. पुसट दिसली तर ठरवलेल्या मापापेक्षा एक पायरी खाली उतरा. मॅट कागद किंवा कॅनव्हास थोडाफार मऊपणा झाकून नेतो, चकचकीत कागद सगळं उघडं पाडतो.

जुने फोटो

अल्बममधला जुना फोटो मोबाईलनं काढून आणू नका, अल्बमच आणा. ४ बाय ६ चा छापील फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की ३६०० × २४०० पिक्सेल मिळतात आणि ८ बाय १२ निघते. १२०० वर स्कॅन करा म्हणून काही जण आग्रह धरतात. त्यानं फाईल चौपट होते, पण कागदावर जे उमटलेलंच नाही ते स्कॅनर कुठून आणणार? निगेटिव्ह सापडली तर मात्र सोनं. ३५ एमएमची निगेटिव्ह २४०० डीपीआयवर स्कॅन केली तर ३४०० बाय २२६० च्या आसपास पिक्सेल येतात, आणि बारकावेही प्रिंटपेक्षा जास्त. जुन्या घरात प्लास्टिकच्या पाकिटात निगेटिव्ह पडलेल्या असतात, फोटो ठेवून त्या रद्दीत देऊ नका.

दोन गैरसमज

‘ही फाईल ७२ डीपीआय आहे, चालणार नाही’ असं कुणी सांगितलं तर पिक्सेल विचारा. तो ७२ चा आकडा म्हणजे फाईलवर चिकटवलेली चिठ्ठी आहे. ६००० × ४००० च्या फाईलवर ७२ लिहा की ३००, पिक्सेल तेवढेच. फोटोशॉपमध्ये इमेज साईज उघडून ‘रिसॅम्पल’ची खूण काढा आणि ३०० टाका: इंच बदलतील, पिक्सेल बदलणार नाहीत. खूण तशीच ठेवून ३०० केलंत तर प्रोग्राम मधले पिक्सेल स्वतःच्या मनानं भरतो.

दुसरा, एआयनं फोटो मोठा करणं. डोंगर, देऊळ, फुलं यांना ठीक आहे, दुप्पटीपर्यंत मीही करतो. चेहऱ्याला मात्र फार जपून. त्या उत्तरकार्याच्या फोटोवर मी प्रयत्न केला होता. अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर एक देखणा, नितळ म्हातारा उभा राहिला. ते गृहस्थ थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘भारी आलाय, पण ह्ये आमचं अण्णा नव्हंत.’ ६४ पिक्सेलमध्ये जे नव्हतं ते मशीननं दुसऱ्याच कुणाच्या तोंडावरून आणलं होतं.

शेवटी इचलकरंजीच्या पुतणीला फोन लावला. तिच्याकडे फोटोग्राफरनं दिलेल्या पेन ड्राईव्हवर मूळ फाईल होती, ६००० × ४०००. चेहरा ६४ चा २४० पिक्सेल झाला. १२ बाय १८ ला तेही इंचाला ६० च होतात, म्हणून मी ८ बाय १२ सुचवली. चेहरा अडीच इंच, इंचाला ९६. माझ्या १५० पेक्षा कमीच, पण दुसरा इलाज नव्हता. मॅट कागद, तीन फुटांवरून बघायची फ्रेम. अण्णा अण्णांसारखे आले.

ऑर्डर देताना

फाईल जेपीईजी द्या. आयफोनची एचईआयसी फाईल प्रत्येक लॅबच्या कॉम्प्युटरवर उघडेलच असं नाही, आधी बदलून घ्या. रंग एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीत ठेवा. एकच फोटो पुन्हापुन्हा एडिट करून जेपीईजीत सेव्ह करत राहू नका, दरवेळी थोडा झिजतो. मूळ फाईल वेगळी ठेवून तिच्यावरूनच काम करा.

आणि १६ बाय २४ किंवा २० बाय ३० ची मोठी प्रिंट असेल तर पैसे घालण्याआधी एक करा. फोटो कॉम्प्युटरवर त्या पूर्ण मापाचा करून घ्या आणि त्यातला महत्त्वाचा भाग, म्हणजे डोळे, चेहरा किंवा कळसाची नक्षी, ४ बाय ६ चा तेवढा तुकडा कापून फक्त तोच छापायला सांगा. साध्या ४ बाय ६ च्या भावात मोठ्या प्रिंटचा खरा नमुना हातात येतो. तो घरी न्या, जिथे फ्रेम लागणार तिथे भिंतीवर चिकटवा आणि सोफ्यावर बसून बघा.